रानात गेले आणि गावात परतले : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या जीवनातलं एक न शिकवलेलं पान



३० एप्रिलला ग्रामजयंती येते तेव्हा आपण निकालपत्रकांच्या गडबडीत असतो. पुण्यतिथी येते आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, सत्र परीक्षेच्या धामधुमीत. दोन्ही वेळा फोटोला हार घालतो, एखादं भजन म्हणतो आणि पोरांकडून चार ओळींचं भाषण पाठ करून घेतो. भाषण ठरलेलंच असतं. जन्म यावली, गुरू आडकोजी महाराज, ग्रंथ ग्रामगीता, हातात खंजिरी. त्यात एक वाक्य हमखास येतं की महाराजांनी लहानपणी घर सोडलं आणि जंगलात तपश्चर्या केली. लगेच पुढच्या वाक्यात गुरुकुंज आश्रम उभा राहतो. या दोन वाक्यांच्या मधली वर्षं आपण कोणीच शिकवत नाही. आज त्याच वर्षांबद्दल लिहायचं आहे.

कारणही सांगतो. योगशिबिर, ध्यानशिबिर, मौन हे शब्द आता आपल्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात. २१ जूनला योगदिन असतो. कोणी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन येतं. आल्यावर आठवडाभर ते शांत असतात आणि मग ऑनलाईन माहिती भरायचा मेसेज आला की पहिल्यासारखेच होतात, अशी थट्टाही आपण करतो. थट्टेमागचा प्रश्न मात्र खरा आहे. माणूस चार दिवस दूर जाऊन बसला तर त्याच्यात खरंच काही बदलतं का? आणि बदललं तर ते घरी आल्यावर टिकतं का? या प्रश्नाचं उत्तर आपल्या वऱ्हाडातल्याच एका माणसाने आयुष्यभर जगून दिलं आहे.

यावलीचा माणिक

अमरावती जिल्ह्यातलं यावली हे लहानसं गाव. तिथं ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या पोटी माणिकचा जन्म झाला. घरची परिस्थिती गरिबीची. शाळा प्राथमिकच्या पुढं गेली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा आपल्या शाळाबाह्य मुलांच्या यादीत आला असता, आणि आपण त्याच्या घरी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलो असतो.

पोरगं शाळेत रमत नव्हतं, पण भजनात रमत होतं. कुठं टाळ-खंजिरीचा आवाज आला की तिकडं धाव. देवळात एका जागी डोळे मिटून बसलं की उठायचं नाव नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा त्याला लळा लागला. त्यांनीच माणिकचं नाव तुकड्या ठेवलं, आणि पुढं त्याच नावाने जग त्यांना ओळखू लागलं. पण गुरूंचा सहवास फार काळ लाभला नाही. आडकोजी महाराज गेले तेव्हा माणिक अजून पोरसवदाच होता.

पालकहो, इथं जरा थांबा. ज्या माणसावर जीव होता तोच गेलेला, शाळा सुटलेली, घरात चणचण. असं लेकरू आपल्या आसपास असेल तर आपण काय म्हणतो? वाया चाललं म्हणतो. एकलकोंडं झालं म्हणतो. यावलीतही असंच बोलणारे काही असतीलच. थोड्याच वर्षांत हा मुलगा घरातून निघाला आणि रानाच्या वाटेला लागला.

रान म्हणजे कुठलं रान?

मुलांना जंगल म्हटलं की चित्रातलं जंगल दिसतं, म्हणून नकाशा काढूनच सांगावं. महाराजांच्या साधनेची चार ठिकाणं नेहमी सांगितली जातात : सालबर्डी, रामटेक, रामदिघी आणि गोंदोडा.

सालबर्डी मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेवर. डोंगरात महादेवाची गुहा आहे आणि महाशिवरात्रीला तिथं मोठी यात्रा भरते. रामटेक नागपूरच्या पुढं, गडावर रामाचं मंदिर असलेलं. रामदिघी आणि गोंदोडा ही तर पार चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरकडं, ताडोब्याच्या बाजूच्या रानात. यावलीतून निघालेला मुलगा वर्धा आणि नागपूर जिल्हे ओलांडून तिकडं पोचला. गोंदोड्याची गुहा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते.

त्या रानात वाघ-अस्वलं होती आणि पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या. जवळ पैसा नाही, शिधा नाही. कोणी भाकर दिली तर खायची, नाही तर कंदमुळं. ध्यान, भजन आणि योगसाधना एवढाच दिवसाचा कार्यक्रम. रामदिघीच्या रानात त्यांना एक योगी भेटले आणि त्यांच्याकडून योगाचे धडे मिळाले, असं चरित्रांत सांगतात.

योग म्हटला की आपल्याला आसनं आठवतात, कारण शाळेत आपण तीच घेतो. ताडासन, वृक्षासन, शेवटी शवासन, आणि शवासनात निम्मा वर्ग खरोखर झोपतो. पण पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन तिसऱ्या क्रमांकावर येतं. आधी यम, म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं : हिंसा नको, खोटं नको, चोरी नको, संयम ठेवा, हाव नको. मग नियम, म्हणजे स्वतःशी कसं वागायचं : स्वच्छता, समाधान, कष्ट, अभ्यास, ईश्वरावर श्रद्धा. त्यानंतर आसन आणि प्राणायाम. मग इंद्रियं आवरणं, म्हणजे प्रत्याहार, आणि शेवटी धारणा, ध्यान, समाधी. ही शिडी नीट पाहिली तर लक्षात येतं की पहिलीच पायरी दुसऱ्या माणसाशी असलेल्या वागणुकीची आहे. रानात एकटं बसून ती पायरी पूर्ण होत नाही. त्यासाठी माणसांत यावं लागतं.

ज्या काळात हा पोरगा विदर्भाच्या रानात साधना करत होता, त्याच काळात, १९२४ साली, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. आपल्या अमरावतीत तर १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तरुणांची शरीरं घडवत होतं. १९३६ साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. म्हणजे योग आणि व्यायाम त्या पिढीत निरनिराळ्या वाटांनी जागा होत होता. एकाने प्रयोगशाळा निवडली, एकाने आखाडा. यावलीच्या माणिकला मात्र रान भेटलं.

रानाने काय दिलं?

चमत्काराच्या गोष्टी बाजूला ठेवून बघू. पुढच्या आयुष्याकडं पाहिलं तर मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, भीती गेली. ज्याने काळोखात, जनावरांच्या रानात रात्री काढल्या, तो पुढं इंग्रज सरकारच्या पोलिसांना घाबरला नाही.

दुसरी, गरजा कमी झाल्या. पोटाला तुकडा मिळाला तरी चालतं हे ज्याला कळलं, त्याला विकत घेणं अवघड असतं. नंतर मोठमोठे लोक भेटीला आले, लाखोंच्या सभा झाल्या, पण राहणी साधीच राहिली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रानात जाताना आणि रानातून येताना खेडी लागली. चिमूरकडची आदिवासी माणसं, त्यांचं दारिद्र्य, दारू, सावकारी, अंगात येणं, अंधश्रद्धा हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं. देव शोधायला गेलेल्या मुलाला वाटेत माणसं दिसली, आणि ती त्याने नजरेआड केली नाहीत.

परत येणं

हा परत येण्याचा भाग आपण मुलांना सांगायला हवा. तुकडोजी महाराज रानात कायमचे राहिले नाहीत. ते गावोगाव फिरू लागले, खंजिरी वाजवून भजनं गाऊ लागले. भजनं स्वतःच रचलेली, मराठीत आणि हिंदीत, साध्या माणसाला पहिल्या फटक्यात कळतील अशी. १९३५ साली त्याच सालबर्डीला मोठा यज्ञ झाला आणि लाखोंच्या संख्येने लोक जमले. ज्या डोंगरात ते एकटे बसले होते, तिथंच आता पाय ठेवायला जागा नव्हती.

त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. अकोल्याकडून येणाऱ्यांना मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती करत सरळ त्याच मोठ्या रस्त्याने मोझरी लागते. महाराजांनी आश्रमासाठी गुहा निवडली नाही, दाट रान निवडलं नाही. गाड्या, बैलबंड्या, माणसं जातात-येतात अशा हमरस्त्यावरची जागा निवडली. जवळच दासटेकडी आहे. शांत बसायचं असेल तर टेकडी, आणि काम करायचं असेल तर खाली रस्ता. दोन्ही हाकेच्या अंतरावर.

१९३६ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याजवळ, आज ज्याला आपण सेवाग्राम म्हणतो तिथं बोलावून घेतलं. महाराज सुमारे महिनाभर तिथं राहिले. गांधीजी सोमवारी मौन पाळत. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार अंगावर घेतलेला माणूस आठवड्यातला एक दिवस न बोलता काढतो, म्हणजे एकांतासाठी घर सोडायलाच हवं असं नाही. आठवड्याच्या वेळापत्रकातही तो बसवता येतो.

मग आलं १९४२. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी इथं जनता उठली, गोळीबार झाला, माणसं गेली. महाराजांच्या भजनांनी तो भाग आधीच पेटलेला होता. २८ ऑगस्टला चंद्रपूरला त्यांना अटक झाली. आधी नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ते सुमारे तीन महिने होते. आधीचा एकांत त्यांनी स्वतः निवडला होता, हा सरकारने लादला. डिसेंबरमध्ये सुटका झाली आणि ते थेट कामाला लागले. पुढच्याच वर्षी श्रीगुरुदेव सेवा मंडळाची संघटना त्यांनी अधिक पक्की बांधली. गावोगावी शाखा, व्यायामशाळा, ग्रामसफाई, भजनी मंडळं.

रोजचं रान

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. चार दिवसांची शांती घरी आल्यावर टिकते का?

महाराजांचं उत्तर असं की ती रोज थोडी थोडी पेरावी लागते. स्वतः रानात गेलेल्या या माणसाने लोकांना रानात जा असं सांगितलं नाही. शेतकरी शेत सोडून कुठं जाणार? बाई चूल आणि लेकरं सोडून कुठं जाणार? म्हणून त्यांनी रानातली गोष्ट गावात आणली. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. दिवसाच्या दोन टोकांना थोडा थोडा वेळ. सगळ्या जातीधर्माच्या माणसांनी एका रांगेत बसायचं, पाठ ताठ, आवाज बंद. वऱ्हाडातल्या कित्येक गावांत आजही दिवेलागणीला भगव्या टोप्या घातलेली माणसं अशी बसलेली दिसतात. त्यांना कोणी योगी म्हणत नाही. दिवसभर कापूस वेचून, तुरीला डवरून आलेली माणसं असतात ती. पण योगाची शिडी त्यांनीही धरलेली असते.

ग्रामगीतेचे ४१ अध्याय नुसते चाळले तरी हे दिसतं. त्यात संसार-परमार्थ आहे, ग्राम-आरोग्य आहे, श्रम-संपत्ती आहे, महिलोन्नती आहे, जीवन-शिक्षण आहे आणि सामुदायिक प्रार्थनाही आहे. संडास, सांडपाणी, व्यायाम, आहार आणि ध्यान यांना त्यांनी एकाच ग्रंथात बसवलं. संत-चमत्कारावर वेगळा अध्याय आहे, आणि चमत्कारांच्या मागं लागू नका हाच त्याचा रोख आहे. रानात तपश्चर्या केलेल्या माणसाने हे लिहावं याला फार अर्थ आहे. १९५५ साली जपानला जागतिक धर्मपरिषदेत ते गेले, तिथंही त्यांच्यासोबत खंजिरी होती.

आपल्याच मातीतले दुसरे गाडगेबाबा आठवा. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी त्यांचं बालपण गेलं. १९०५ साली त्यांनीही घर सोडलं, वर्षानुवर्षं भटकले, आणि परत आले ते हातात खराटा घेऊन. एकाची खंजिरी, एकाचा खराटा. दोघंही जगापासून दूर गेले आणि दोघंही जास्त तयार होऊन जगाकडंच परतले.

वर्गात हे कसं सांगावं?

चौथीतली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. महाराज घर सोडून गेले ते चांगलं, तर मग आम्ही गेलो तर आई का रागावते? प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मी वर्गात दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे, मंजुळाबाईंनी रात्री कशा काढल्या असतील याचा विचार करा. लेकरू कुठं आहे, जेवलं का, जिवंत आहे का हे कळायला त्या काळी फोन नव्हता. थोरांच्या चरित्रात त्यांच्या आयांचं दुःख दोन ओळींतही येत नाही, आपण तरी ते सांगावं. दुसरी गोष्ट म्हणजे, महाराजांनी स्वतः मोठेपणी मुलांना पळून जायला शिकवलं नाही. त्यांनी मुलांना प्रार्थनेला बसायला, व्यायाम करायला, गाव झाडायला शिकवलं. त्यांचं बालपण जसंच्या तसं गिरवायचं नसतं, त्यातून त्यांना जे कळलं ते घ्यायचं असतं.

आपल्या परिपाठात मौन असतं. खरं सांगा, ते किती सेकंद टिकतं? एक-दोन-तीन म्हणेपर्यंत विसर्जन होतं, कारण शालेय पोषण आहाराचा तांदूळ काढायचा असतो, हजेरी राहिलेली असते. एक प्रयोग करून बघा. मौन खरोखर दोन मिनिटं ठेवा. डोळे मिटायची सक्ती नको, लहान मुलांना त्याची भीती वाटते. फक्त पाठ सरळ, हात मांडीवर, आणि कानावर कोणकोणते आवाज येतात ते मनात मोजायचे. चिमण्या, ट्रॅक्टर, हापशाचा दांडा, दूरचा एसटीचा हॉर्न. संपल्यावर एका-दोघांना विचारायचं, काय ऐकू आलं. यातून धारणेची पहिली ओळख होते आणि खर्च शून्य.

पालकांनी घरी एवढंच करावं. दिवेलागणीला दहा मिनिटं घरातले सगळे मोबाईल एका जागी ठेवायचे, तुमचेही. मुलाला बस म्हणून सांगायचं नाही, आपण बसायचं. तेही येऊन बसेल, आज नाही तर आठ दिवसांनी.

आणि वर्गात किंवा घरात एखादं लेकरू फार बोलत नसेल, खिडकीबाहेर बघत बसत असेल, तर त्याला लगेच ढ किंवा एकलकोंडं ठरवू नका. त्याला काही दुखतं आहे का, कोणी छळतं आहे का, हे आधी नीट विचारा. तसं काही नसेल, तर त्याच्या शांततेला थोडी जागा द्या. तिथं काय उगवतं आहे ते आपल्याला लगेच दिसत नसतं.

शेवटची शांतता

महाराज शेवटपर्यंत फिरत राहिले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांसाठी गायले. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मदतीला धावले. मग कर्करोगाने शरीर पोखरलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय ५९ वर्षं.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला लाखो माणसं जमतात. ४ वाजून ५८ मिनिटं होतात आणि सगळं थांबतं. खंजिऱ्या, लाऊडस्पीकर, दुकानदारांची ओरड, सगळं. माणसं जिथं असतील तिथं हात जोडून गप्प उभी राहतात. एवढ्या गर्दीत नुसती झाडांची सळसळ ऐकू येते. एकेकाळी एक मुलगा ही शांतता शोधत रानात गेला होता, आज ती इतक्या माणसांना एकत्र अनुभवता येते.

यंदा पुण्यतिथीला जमलं तर मुलांना घेऊन मोझरीला जा. जमलं नाही तर घड्याळ लावून ठेवा, आणि त्या वेळी घरीच सगळे मिळून दोन मिनिटं शांत उभे राहा. भाषण नंतर पाठ करता येईल.